भरती-ओहोटी आणि खेळांचे नकाशे
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात व्हिडिओ गेमसारखा विषय व्याख्यानाला निवडला गेला, याचे काही ज्येष्ठांना नवल वाटले असेल. परंतु आजची मुले दिवसातील कित्येक तास ज्या प्रदेशांत हिंडतात, ते प्रदेश आपोआप उगवत नाहीत. त्यांतील प्रत्येक डोंगर, प्रत्येक वाट आणि प्रत्येक किनारा कोणीतरी आखलेला असतो. हे आखणे म्हणजे नकाशा रचणेच होय, आणि नकाशा हा या शाळेतील भूगोलाच्या तासाला परका विषय नाही. म्हणून त्या प्रदेशांविषयी एकच साधा प्रश्न येथे विचारावयाचा आहे : त्यांतील समुद्र हलतो का?

बहुतेक खेळांपुरते उत्तर 'नाही' असे आहे. लाटा हलतात, पाणी चमकते, फेसही दिसतो. परंतु समुद्राची पातळी जागची हलत नाही. २०११ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झालेल्या 'माइनक्राफ्ट' या जगप्रसिद्ध खेळात समुद्राचा पृष्ठभाग ६३ या उंचीलगत कायमचा बांधलेला आहे. त्या जगात सूर्य उगवतो, चंद्र कलेकलेने वाढतो आणि घटतो. मात्र त्या चंद्राचे समुद्राशी काही नाते नाही. पौर्णिमा असो वा अमावास्या, पाणी आपली रेघ सोडत नाही.

यात रचनाकारांचा आळस नाही, अडचण आहे. खेळाचे इंजिन पाण्याला बहुधा एक सपाट पृष्ठ मानते. त्याच्या वर हवा, खाली पाणी. वर चालणे, खाली पोहणे. खेळातील माणसे व जनावरे कोठून चालू शकतील, याचा आराखडा इंजिन पुष्कळदा आधीच तयार करून ठेवते. पाणी वर-खाली होऊ लागले की हा आराखडा खोटा ठरतो. सकाळी जी वाट होती ती दुपारी तळ असते. वाटेवरून चाललेला गाडीवान पाण्याखालीही तसाच निर्विकार चालत राहतो, बांधलेली होडी हवेत तरंगते, नाही तर धक्क्याच्या दगडांत शिरते. हे सारे सांभाळण्यापेक्षा पाणी स्थिर ठेवणे स्वस्त पडते.

परंतु पाण्याची पातळी म्हणजे केवळ एक आकडा नव्हे, हे बडोदेकरांना निराळे सांगण्याची गरज नाही. पावसाळ्यात विश्वामित्री चढू लागली की साऱ्या शहराचे लक्ष काळाघोडा पुलावरील पातळीकडे लागते. तेथे २६ फूट ही धोक्याची खूण मानली जाते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही पलीकडे गेली होती. हा आकडा एका पुलाजवळचा असतो. नदी उतारावरून वाहते, म्हणून वरच्या पुलाजवळ पाणी अधिक उंचीवर असते आणि खालच्या पुलाजवळ कमी. पूर येतो तेव्हा केवळ निळा रंग वर सरकत नाही; कोण कोठे जाऊ शकतो हेच बदलते. माणसांच्या वाटा बंद होतात आणि नदीतील मगरींना वस्तीत शिरण्याच्या वाटा मोकळ्या होतात. नकाशा रचणाऱ्याने पाण्याविषयी पहिला धडा येथून घ्यावा : पातळी बदलणे म्हणजे वाटांची मालकी बदलणे.

काही खेळांनी हा धडा पूर्वीच घेतला होता. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४' मध्ये एक जलमय नगर आहे. त्यात प्रवेश एका चित्रातून उडी मारून करावयाचा असतो, आणि चित्राच्या ज्या उंचीवर उडी घ्यावी त्यानुसार आतील पाण्याची आरंभीची पातळी ठरते. आत गेल्यावर निरनिराळ्या उंचीवर ठेवलेल्या स्फटिकांना स्पर्श केला की पाणी त्या स्फटिकाच्या उंचीवर येते. म्हणजे पाणी हे तेथे जिन्याचे काम करते.

१९९८ च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम' या खेळातील जलमंदिराची कथा अधिक बोधप्रद आहे. त्या मंदिरात पाण्याच्या तीन पातळ्या आहेत आणि ठरावीक ठिकाणी एक सुरावट वाजवून त्या बदलता येतात. कल्पना उत्तम होती, परंतु खेळणारे हैराण झाले. कोणती पातळी कोठून बदलावयाची आणि ती बदलल्यावर कोणते दार उघडे पडेल, हे ध्यानात ठेवणे फार जड जाई. हे मंदिर अवघडपणासाठी कुप्रसिद्ध झाले. २०११ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा पातळी बदलण्याच्या जागांकडे नेणारे रंगीत पट्टे भिंतींवर घालण्यात आले. पाणी तेच राहिले. ते वाचता येऊ लागले, एवढाच फरक झाला. हा दुसरा धडा : पाणी बदलावयाचे असेल तर त्याच्या खुणाही द्याव्या लागतात.

या दोन्ही खेळांत पाणी खेळणाऱ्याच्या हुकमाने हलते. खरी भरती कोणाचा हुकूम मानत नाही. २००२ मध्ये आलेल्या 'पोकेमॉन रुबी' आणि 'सफायर' या जोडखेळांत समुद्रकाठची एक गुहा आहे, आणि तिच्यातील पाणी घड्याळावर चालते : सहा तास भरती, सहा तास ओहोटी. गुहेचा काही भाग केवळ ओहोटीला चालत जाता येतो, तर काही ठिकाणी भरतीच्या पाण्यावरूनच पोचता येते. खेळणाऱ्या मुलाला येथे प्रथमच 'कोठे' या प्रश्नाबरोबर 'केव्हा' हा प्रश्न पडतो. गमतीची गोष्ट अशी की या खेळाच्या डबीत घड्याळासाठी एक लहानशी बॅटरी असते. काही वर्षांनी ती संपली की घड्याळ थांबते आणि त्या गुहेतील भरती-ओहोटीही कायमची थांबते.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या खेळात खरी भरती आणावयाची ठरवले. त्याने हिशेब कोठून सुरू करावा? मराठी घरात तो हिशेब अनेक पिढ्या चालत आलेला आहे. कोकण किनाऱ्यावर जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून सुमारे सहाला भरती. पौर्णिमा पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून सव्वाअकराच्या सुमारास भरती. वद्य प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. या तोंडी गणितात चंद्राचे सारे वेळापत्रक सामावले आहे, कारण भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिथीमागे पाऊण तास हा त्याचाच सोयीचा हिशेब आहे. संगणकाला हा नियम एका ओळीत सांगता येतो.

मात्र हा नियम कोकणचा आहे, साऱ्या समुद्राचा नव्हे. खंबातच्या आखाताचे तोंड रुंद आणि आतला भाग निमुळता आहे. नरसाळ्यात शिरणाऱ्या पाण्याप्रमाणे तेथे भरती आत येता येता चढत जाते आणि मुंबईच्या मानाने काही तासांनी उशिरा पोचते. उधाणाच्या वेळी भावनगरकडे भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत दहा मीटरच्या आसपास अंतर पडते. म्हणजे तीन मजली घराइतके पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते. एकाच नकाशात दूरदूरची बंदरे असतील तर प्रत्येकाची वेळ आणि उंची वेगळी ठेवावी लागेल.

उंचीचा हिशेबही फारसा कठीण नाही. दोन लाटा कल्पाव्यात : एक चंद्राची, १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येणारी, दुसरी सूर्याची, बरोबर १२ तासांची आणि चंद्राच्या लाटेहून लहान. दोहोंची बेरीज करावी. त्या जेव्हा पावलाला पाऊल मिळवून चालतात तेव्हा उधाण होते. एकमेकींच्या विरुद्ध पडतात तेव्हा भांगाची मवाळ भरती येते. उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत सुमारे पावणेपंधरा दिवस जातात. खऱ्या बंदरासाठी अशा अनेक लाटांची बेरीज करावी लागते. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७२-७३ च्या सुमारास चाके आणि कप्प्या यांच्या साहाय्याने ही बेरीज करणारे यंत्र तयार करविले, आणि १८७९ मध्ये खास भारतातील बंदरांसाठी असे एक यंत्र इंग्लंडात घडविण्यात आले. तेव्हा पितळी चाकांनी जे केले ते आज मुलाच्या हातातील फोन निमिषार्धात करतो.

खरी अडचण येते ती काळाच्या मोजमापाची. खेळातील दिवस क्वचितच चोवीस तासांचा असतो. माइनक्राफ्टमधील अहोरात्र वीस मिनिटांचे आहे. म्हणजे काळ ७२ पट वेगाने धावतो. त्याच मापाने भरती चालवली तर काय होईल? ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास बारा मिनिटे पाच मिनिटांत उरकतील. दहा मीटर पाणी पाच मिनिटांत चढले, तर माणूस मिनिटभरात बुडेल. ओडिशातील चांदीपूर येथे ओहोटीला समुद्र सुमारे पाच किलोमीटरपर्यंत मागे हटतो. खऱ्या काळात ते पाणी सरासरी ताशी पाऊण-एक किलोमीटरने परत येते. माणूस त्याच्यापुढे सहज चालू शकतो. खेळाच्या काळात तेच पाणी ताशी ५८ किलोमीटरने धावून येईल, आणि घोड्यालाही ते मागे टाकता येणार नाही. म्हणून नकाशा रचणाऱ्याला निवड करावी लागते. दिवस आखूड ठेवून भरती सावकाश चालवावी, म्हणजे एक भरती खेळातील अनेक दिवस पुरेल. किंवा भरतीची उंची कमी करावी. किंवा किनारा अधिक उभा करावा.

किनाऱ्याचा उतार हे या कामातील सर्वांत प्रभावी हत्यार आहे. उभ्या कड्यावर पाणी एक मीटर चढले तर डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. शंभरास एक अशा उताराच्या पुळणीवर तेच पाणी शंभर मीटर आत येते. भरती जाणवून द्यावयाची असेल तेथे पुळण ठेवावी, आणि गोष्ट सुरक्षित चालावी असे वाटेल तेथे खडक. पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही विसरता कामा नये. दर्यावर्दी लोक सहा तासांच्या चढाचे बारा हिस्से करतात : पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. निम्मे पाणी मधल्या दोन तासांत येते. पहिल्या तासाच्या संथपणावरून जो अंदाज बांधतो तो फसतो.

या फसगतीची किंमत खेळाबाहेर फार मोठी असते. इंग्लंडच्या मोरकँब उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री, वाळूत शिंपल्या वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत सापडून मृत्युमुखी पडले. अशा विस्तीर्ण सपाट वाळवंटात पाणी भिंतीसारखे समोरून चालून येईलच असे नसते. ते आधी खोलगट ओहोळांतून शिरते आणि उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागची, परतीची वाट तोडते. समोर कोरडी वाळू दिसत असते आणि मागे पाणी झालेले असते. ज्या खेळात भरती नेहमी समोरून, सरळ रेषेत येते, तो खेळ मुलाला भरतीविषयी चुकीचे शिकवतो. ज्याच्या नकाशात ते ओहोळ कोरलेले असतात, तो खेळ एखाद्या मुलाला प्रत्यक्ष किनाऱ्यावर एकदा तरी मागे वळून पाहावयास लावील.

मग न्यायाचा प्रश्न येतो. खेळणाऱ्याला बुडवावयाचे असेल तर त्याला आधी सूचना मिळाली पाहिजे, आणि निसर्ग त्या सूचना विपुल देतो. भरती कोठवर येते ते खडकावरील ओल्या, काळसर पट्ट्यावरून कळते; खडकाला चिकटलेल्या कालवांवरून, पुळणीवर राहिलेल्या काटक्याकुटक्यांच्या रेघेवरून आणि तिवरांच्या चिखलातून वर आलेल्या मुळांवरून कळते. चिखलात कलंडलेली होडी ओहोटी सांगते, दोर ताणून डुलणारी होडी भरती सांगते. धक्क्याच्या पायऱ्यांपैकी खालच्या शेवाळलेल्या असल्या की पाण्याची पोच न विचारता समजते. झेल्डाच्या मंदिरात जे काम रंगीत पट्ट्यांनी केले ते किनाऱ्यावर शेवाळ करते.

आतील व्यवस्थाही तितकीच चोख हवी. पाण्याच्या सर्व पातळ्यांसाठी वाटांचे आराखडे करणे शक्य नसते. म्हणून ओहोटी, मध्य आणि भरती असे तीन आराखडे आधी तयार करून पाणी त्या त्या टप्प्यावर येताच बदलणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. होड्या आणि तराफे जमिनीला न बांधता पाण्याच्या पातळीला बांधावे लागतात. एखाद्याने ओहोटीला समुद्राच्या तळावर उभे राहून खेळ थांबवला आणि भरतीला पुन्हा सुरू केला, तर त्याला जवळच्या कोरड्या जागी नेऊन ठेवण्याची तजवीज असावी. गोष्ट पुढे नेणारी किल्ली वाळूत पडली आणि भरतीने नेली, असे होऊ देऊ नये.

येथवर समुद्राची पातळी एका वेळी एकच असते असे धरले होते. प्रत्यक्षात शेजारीशेजारी दोन पातळ्या नांदतात, आणि माणसाचे कौशल्य तेथेच दिसते. भावनगर बंदराला लॉक गेट आहे; बाहेर ओहोटी लागली तरी आतील जहाजे तरंगत राहतात. त्याच किनाऱ्यावर अलंगला मोडावयाची जहाजे उधाणाच्या भरतीवर जोराने किनाऱ्यात घुसवतात आणि ओहोटी त्यांना जमिनीवर उभी करून निघून जाते. केरळमधील कुट्टनाडात भातशेती समुद्रसपाटीच्या खाली होते.

गोव्यातील खाजणे तर या विषयाचा मुकुटमणी होत. खाडीकाठची ही शेते भरतीच्या पातळीहून खाली असतात आणि मातीचे बांध त्यांना खाऱ्या पाण्यापासून राखतात. बांधात लाकडी दारांची मानस बसवलेली असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दारे बंद होतात. ओहोटी लागली आणि आतले पाणी बाहेरच्याहून उंच झाले की आतल्या दाबाने ती उघडतात आणि शेतातले जास्तीचे पाणी खाडीत जाते. या शेतांत कोरगुट नावाचे, खारेपण सोसणारे भात पिकते. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन नासते. म्हणून बांधाची राखण हा एकट्या शेतकऱ्याचा प्रश्न राहत नाही, सगळ्या गावाचा होतो.

ज्या खेळात समुद्र हा एकच सपाट पृष्ठ आहे, त्यात खाजण रचताच येत नाही. त्या पृष्ठाच्या खाली जे जे आहे ते इंजिनाच्या हिशेबी पाण्यात बुडालेलेच असते. भाताची हिरवी शेते, त्यांतील बगळे आणि बांधावरून शाळेत जाणारी पोरे, सारे काही बुडालेले. हे केवळ तांत्रिक न्यून नाही. मुले ज्या जगांत वाढतात त्यांत जे आखता येत नाही, ते हळूहळू कल्पनेतूनही जाते. उलट, एखाद्या विद्यार्थ्याने बांधाच्या आत एक पातळी, बाहेर दुसरी आणि मधे पाण्याच्या दाबाने उघडमीट करणारे दार एवढेच रचले, तरी त्याच्या हाती एक गाव येते. त्यात लढाई नसली तरी चालेल. उधाणाची रात्र, बांधाला पडलेली एक चीर आणि सकाळपर्यंत वाचवावयाचे शेत, इतका ऐवज खेळाला पुरेसा आहे.

पालकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. मूल खेळत असताना 'किती वेळ झाला?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि तो विचारावाच. त्याच्या जोडीला कधी 'या समुद्राला भरती येते का?' असेही विचारावे. उत्तर 'नाही' आले तर 'आणावयाची झाली तर काय काय बदलावे लागेल?' असे पुढे विचारावे. या एका प्रश्नात भूगोल, गणित, पंचांग आणि शेजाऱ्याची काळजी इतके विषय एकत्र येतात. माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकाच्या व्यवसायात आहेत त्यांनी शाळेतील मुलांना यासाठी सुट्टीचे चार दिवस दिले, तर त्याहून चांगली महोत्सवी भेट कोणती?

आखावयाचा पहिला नकाशाही दूर शोधावयास नको. भरूच जिल्ह्यात कावी-कंबोई येथे स्तंभेश्वराचे देवालय आहे. भरतीला ते पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा उघडे होते. भाविक भरतीची वेळ पाहूनच तेथे जातात आणि पाणी चढण्याच्या आत माघारी फिरतात. एक लहानसे देऊळ, चिखलाचा सपाट किनारा, दहा मीटरच्या भरतीचे आखात आणि वर चंद्र, एवढेच त्या नकाशात हवे. घड्याळाची बॅटरी मात्र त्यात नको. पाणी केव्हा येणार ते तिथीवरून मोजता यावे, आणि ते मोजण्याचे शब्द मुलाला मराठीत ठाऊक असावेत.